टॅमची तिसरी चिठ्ठी

"चिठ्ठी कुणी दिली?"

"टॅमनं," शग म्हणाला आणि त्यानं मधलं बोट वर केलं. नेटाला राग आला नाही. रक्त त्याच बोटातून घ्यायचं होतं.

"कुठला टॅम?"

"किती टॅम पाळलेत गं तू? टॅम लाफर्टी. पिवळ्या कोटवाला."

नेटाच्या हातातली सुई हातातच राहिली. टॅम लाफर्टीला फेब्रुवारीत पुरलं होतं आणि आता एप्रिल चालू होता. ती स्वतः गेली होती मातीला. पाऊस आडवा येत होता, पाद्रीबुवा त्याला शेवटपर्यंत टॉम म्हणत होते.

"कधी दिली?"

"परवा. इथंच, गॅलोगेटच्या रस्त्यावर. हात वर करून बस थांबवली माझ्यासाठी. म्हणाला, ओलांड आणि बोट टोचून घे."

"शग, टॅम मेलाय."

शगनं थोडा विचार केला. "तरीच," तो म्हणाला, "चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला."

नेटानं बोट टोचलं. जाड कार्डावर पाच गोल छापलेले असत, एकेका थेंबानं एकेक भरायचा. तिनं पाचही भरले आणि कार्ड वाळत ठेवलं.

नशेची सुई टोचून घेणाऱ्यांत कुठले आजार कसे फिरतात, याचा अभ्यास विद्यापीठानं चालवला होता. त्यासाठी लग्नाच्या पोशाखांचं एक बंद पडलेलं दुकान भाड्यानं घेतलं होतं. काचेत बिनमुंडक्याची एक नवरी अजून उभी होती. ही माणसं कुणाच्या बोलावण्याला भीक घालत नाहीत, आपल्यातल्याच कुणी सांगितलं तर येतात. म्हणून जो रक्त देई त्याला तीन हिरव्या चिठ्ठ्या मिळत. ज्यांच्याबरोबर सुई वाटून घेतली त्यांना त्या द्यायच्या.

टॅम पूर्वी शाळेसमोर गाड्या थांबवून पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा. नोकरी गेली, कोट उरला. जानेवारीत रक्त देऊन त्यानं तीन चिठ्ठ्या खिशात घातल्या. "तिघंच आहेत," तो म्हणाला होता. "आणतो." पुढच्याच आठवड्यात तो एका बोळात गारठलेला सापडला. अहवाल त्याच्यानंतर आला. एचआयव्ही.

म्हणजे तिघं जण होते आणि त्यांना ठाऊक नव्हतं. तिघांतली एक कोण ते नेटा ओळखून होती. बर्नी, टॅमची बाई, समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दफनापासून तिचे पडदे बंद होते. वेळेत कळलं तर रोज एक गोळी, आणि बर्नी नेटाच्या मातीला येऊन सँडविचं खाईल. उशीर झाला तर उलटं. पण टॅमचं गुपित टॅमचं होतं. मेला म्हणून ते कुणाच्या मालकीचं होत नव्हतं. 'तुझ्या माणसाला होता, चल' असं म्हणायला जिना चढायचा नाही, असा नियमच होता.

गुरुवारी जिंटी आली. तिलाही टॅमनंच पाठवलं होतं.

"भिजलेला होता," जिंटी म्हणाली. "पाऊस नसताना. मी म्हटलं त्याला, आधी कपडे बदल मेल्या."

शगचं रक्त निर्मळ निघालं. जिंटीचं नाही. तिची गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली.

अभ्यासाचा प्रमुख कॅलम, एडिनबराचा सज्जन तरुण डॉक्टर, संगणकाच्या पडद्याकडे बघत बसला. "चिठ्ठी देणारा हयात आहे का, असं यात कुठं विचारलेलंच नाही."

"मग अडलंय कुठं, डॉक्टरबाळा?"

"इतकी अचूक माणसं आजवर कुणीच पाठवली नाहीत, नेटा." त्यानं चष्मा पुसला. "त्याला कामावर घेता येईल का?"

"जिवंत होता तेव्हा कुणी घेतला नाही."

त्या संध्याकाळी घरी जाताना नेटा बर्नीच्या जिन्याशी थांबली. एक पायरी चढली, उतरली. मग रस्त्याच्या कडेला जाऊन, आजूबाजूला बघून, मोकळ्या डांबराला म्हणाली, "टॅम, तिसरी राहिली रे."

सकाळी दुकान उघडलं तर दारात बर्नी उभी. अंगावर नुसता झगा, हातात पिवळा कोट. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"पोलिसांनी दिला," ती म्हणाली. "वाळत कसा घालायचा तेवढं सांग."

"म्हणजे कोट घालून तूच हिंडत होतीस."

"मी? मी खाली उतरलेच नाही. दूधसुद्धा शेजारीण आणते. कोट दारामागच्या खिळ्याला असतो आणि रोज सकाळी ओला. आज खाली ही पडली होती." तिनं हिरवी चिठ्ठी टेबलावर ठेवली. ती मात्र कोरडी होती.

नेटानं कोट काचेतल्या नवरीच्या अंगावर वाळत घातला. बर्नीचं बोट बर्फासारखं होतं. टोचलं तरी थेंब येईना, तेव्हा नेटानं तिचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवला.

"त्याला होता ना?" बर्नीनं विचारलं.

"मला सांगता येत नाही गं."

"नको सांगू. त्यानं सांगितलंच की."

मग रक्त आलं. पाच गोल भरले.

"शेवटचा प्रश्न," नेटा म्हणाली. "चिठ्ठी देणारा तुझा कोण? मित्र, नातेवाईक, ओळखीचा, अनोळखी?"

"मुहूर्त काही लागला नाही आमचा." बर्नीनं पिवळा कोट घातलेल्या नवरीकडे पाहिलं. "नवरा लिही."

नेटानं लिहिलं.

बर्नी बाहेर पडली आणि इकडेतिकडे न बघता रस्त्यात उतरली. गॅलोगेटवरची बस देवासाठीही थांबत नाही. ती थांबली. ड्रायव्हरनं रिकाम्या रस्त्याकडे बघून दोन बोटं कपाळाला लावली आणि बर्नी सावकाश पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी नेटानं आल्या आल्या, पर्ससुद्धा न ठेवता, नवरीच्या अंगावरच्या कोटाची बाही चाचपली.

कोरडी होती. तिनं दुसरीही चाचपून पाहिली.