डावी रेघ

निवृत्त कर्नल इस्मत नियाझी इग्लालच्या मॉडेलांच्या दुकानात आला तो घरच्यासारखा. खुर्ची ओढून बसला, टेबलावरची अर्धवट, वीतभर जीप न विचारता उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "चाकं जरा लहान झालीत."

"मापात आहेत, पाशा."

"लहान आहेत. असो. इस्माइलियात रणगाडा हुबेहूब करणारा कोण, असं विचारलं तर जो तो तुझंच नाव घेतो. उस्ता इग्लाल! बाईमाणूस, आणि कारागिरांची उस्ता! काय दिवस आलेत. बरं, माझा रणगाडा करायचाय."

"कुठला?" इग्लालनं विचारलं. कुठला ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"कुठला म्हणजे? आठ नंबर!"

गावात आठ नंबर कुणाला सांगावा लागत नसे. त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरातल्या लढाईत कालवा ओलांडून, पलीकडच्या वाळूच्या भिंतीला पाडलेल्या खिंडारातून सगळ्यांत आधी वर चढलेला तो टी-५५. त्याचा फोटो पेपरात आला होता. रणगाड्यावर शिपाई चढून ओरडताहेत आणि वरच्या फिरत्या बुरुजावर पांढऱ्या रंगात ठळक आठचा आकडा. न्हाव्याच्या दुकानात, शाळेत, आंब्याच्या वखारीत, जिथे भिंत तिथे तो फोटो. आठ नंबरचा अधिकारी होता लेफ्टनंट इस्मत नियाझी, आणि त्या एका आकड्यावर त्यानं पस्तीस वर्षं हारतुरे घेतले होते.

त्याच तुकडीत सात नंबर होता. त्याचा ड्रायव्हर सार्जंट बयूमी, इग्लालचा बाप. तो सात नंबर पलीकडे कुणालाच दिसला नाही. बयूमी म्हणायचा, आम्ही वर चढलो, दुपारी गोळा बसला, तिघं जागेवर गेले, मी बाहेर फेकला गेलो. जळका सांगाडा तिथेच राहिला आणि ती जागा दोन दिवसांत शत्रूच्या हातात गेली. बयूमीला शुद्ध आली ती कैरोच्या हॉस्पिटलात, पोटावर झोपवलेला, कारण सगळी पाठ भाजली होती. चौकशीत त्या पाठीवरच बोट ठेवलं गेलं. पाठ भाजली म्हणजे पाठ दाखवली होती, असा कुणीतरी विनोद केला आणि तो गावाला फार आवडला.

बयूमी एकदा इस्मतच्या दारात गेला होता. नऊ-दहा वर्षांची इग्लाल त्याचं बोट धरून होती. इस्मतनं फाटक उघडलंच नाही. गजांआडून म्हणाला, "मी पहिला वर चढलो, बयूमी. मागेपुढे सात नंबर मला दिसला नाही. आता नसलेलं कसं सांगू?" बाप मान खाली घालून परत फिरला. मरायच्या आधीच्या वर्षी तर तो स्वतःच म्हणायला लागला, "कदाचित मी गेलोच नसेन गं. भाजल्यावर माणसाला भास होतात म्हणे." या एका वाक्यासाठी इग्लालला इस्मत नियाझीचा गळा दाबावासा वाटे.

दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘इग्लाल’ होतं. बापाचं नाव लावून गिऱ्हाईक मिळेल अशी सोय गावानं ठेवली नव्हती. त्यामुळे आपण कुणाच्या पोरीसमोर खुर्ची ओढून बसलोय याची पाशाला कल्पनाच नव्हती.

"सहा ऑक्टोबरला माजी सैनिकांच्या क्लबात कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "मागे तो फोटो भिंतभर मोठा करून लावणार आणि पुढ्यात मॉडेल. फोटोत आहे तस्सं. एक खिळा इकडचा तिकडे नको. चुकलं तर मी चारचौघांत बोलेन, मला भीड नाही."

"आमच्यात एक रीत आहे, पाशा," इग्लाल म्हणाली. "बुरुजावरचा नंबर शेवटी लावायचा, आणि ज्याची गाडी त्यानंच स्वतःच्या हातानं लावायचा."

"छान! स्टेजवर लावू. फोटोवाल्यांना सांगतो."

तो गेल्यावर तिनं खुर्ची फडक्यानं पुसली. नाही म्हणता आलं असतं. पण बरेच दिवस तिच्या मनात या माणसाचं काहीतरी वाईट करायचं होतं, आणि तो आपल्या पायांनी चालत आला होता.

सूड काय घ्यायचा ते मात्र सुचेना. सुरुवातीला सुचलं ते पोरकट होतं. बुरुजाच्या आत, झाकण चिकटवल्यावर कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी तिनं सगळ्यांत बारीक ब्रशनं ‘चोर’ असं लिहिलं. दोन दिवस त्या आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटली. बाप आयुष्यभर चारचौघांत जळला, आणि ही झाकणाखाली शिव्या लिहितेय!

काम मात्र तिनं जीव ओतून केलं. प्लॅस्टिकचे पत्रे कापून सांगाडा उभा केला, पितळी तारेच्या कड्या वळवल्या, साखळीची एकेक कडी सुटी करून ओवली. आधी गंजाचा रंग, त्यावर केसांना मारतात तो फवारा, त्यावर वाळूचा रंग. मग ओल्या ब्रशनं कडा घासल्या की वरचा रंग सुटतो आणि खालचा गंज डोकावतो, अगदी बूट घासून घासून पत्रा उघडा पडावा तसा. धुळीसाठी ती फेरीबोटीनं पलीकडे गेली, पिशवीभर वाळू आणली आणि चहाच्या गाळणीनं चाळली. आपण बापाच्या वैऱ्याचा रणगाडा इतका सुंदर का करतोय, याचा तिला राग येत होता आणि हात थांबत नव्हता.

कार्यक्रमाला आठ दिवस राहिले तेव्हा इस्मत पाहायला आला. भोवती फिरला. इकडे अँटेना जास्त सरळ, तिकडे दोरी जास्त नवी. माणसाला चूक काढल्याशिवाय अन्न पचत नसावं. मग तिनं कागदावर काढून ठेवलेला आठचा नमुना त्यानं पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अगं, हा काय आठ आहे? उजवी रेघ जाड कुणी सांगितली तुला?"

"का? कशी हवी?"

"डावी! डावी रेघ जाड, उजवी बारीक. आमच्या तुकडीचे आकडे मारायचे पत्रे दसूकी मेकॅनिकनं माझ्या डोळ्यांसमोर कापलेत. माझ्या आठवर मी समोर उभा राहून रंग मारून घेतलाय. माझा आठ मी अंधारात हात फिरवून ओळखेन. आणि तू मला शिकवतेस?"

"चुकलं, पाशा," इग्लाल म्हणाली. "दुरुस्त करते."

तो गेला. तिनं भिंग घेतलं आणि टेबलाच्या काचेखालचा फोटो पाहिला. नमुना तिनं त्या फोटोवरूनच उतरवला होता, केसभरही फरक न करता. फोटोत उजवी रेघ जाड होती.

आपल्याकडे अरबीत सातचा आकडा म्हणजे वर तोंड वासलेला चिमटा, ٧. आठ म्हणजे तोच चिमटा पालथा, ٨. तिनं नमुन्याचा कागद उलटा फिरवला. समोर सात होता, डावी रेघ जाड असलेला सात.

ती तडक दसूकीकडे गेली. म्हातारा अजून गाड्यांच्या टपांवरचे पोचे ठोकायचं काम करायचा. वाटीभर फूल, म्हणजे वालासारख्या दाण्यांची उसळ, आणि पाव घेऊन दुकानाच्या पायरीवर बसला होता.

"चाचा, पूर्वी तुकडीचे आकडे तुम्ही कापलेत ना? सातची कुठली रेघ जाड होती?"

"डावी. सगळ्यांची डावीच. माझा हातच तसा आहे. का गं?"

"आणि ते रंगवले कुणी?"

"ज्याचे त्यानं. निघायच्या रात्री, दिवा लावायची बंदी होती. शिव्या देत देत रंगवले सगळ्यांनी. इस्मतसाहेबांनी तेवढा आदल्या दिवशी उजेडात रंगवून घेतला. साहेब ना! ये, बैस, खा दोन घास."

ती बसली नाही. अंधारात बापानं पत्रा पालथा धरला होता. एवढंच. पलीकडे सात नंबर कुणाला दिसला नाही, कारण सात नंबर आठ होऊन वर चढला होता. आणि इस्मतला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की फोटोतला रणगाडा आपला नाही, आपण त्यात नव्हतोच. कुणाचा, याचा विचार करायची त्याला गरज पडली नाही. "कार्यक्रमाला या, चाचा," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत बसा. माझी शपथ आहे."

सहा तारखेला क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या भिंतीवर तो फोटो, दोन पुरुष उंच. स्टेजवर टेबल, टेबलावर रणगाडा, शेजारी पाण्याची बशी. इस्मत छातीवर पदकं लावून माइकसमोर उभा होता. वाळू कशी उडत होती, आपण कसे ओरडलो, ‘अल्लाहू अकबर’नं कालवा कसा दुमदुमला, सगळं त्यानं सांगितलं. लोकांना पाठ होतं तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता पाशा स्वतःच्या हातानं नंबर लावतील," इग्लालनं जाहीर केलं आणि बशीत आकड्याचा चिकटवायचा छाप सोडला. कागदावरून तो सुटल्यावर तिनं चिमटा त्याच्या हातात दिला.

त्यानं अलगद छाप उचलला, बुरुजावर सरकवला, चष्मा पुढे ओढला आणि त्याचा चेहरा आंबला. माइक तोंडासमोरच होता.

"अगं बाई, पुन्हा तेच! डावी रेघ जाड हवी, डावी! तुला आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. हा माझा आठ नाहीच मुळी!"

सभागृहात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "उस्ता, आज खैर नाही तुझी!"

"पाशा, नक्की डावी?" इग्लालनं नम्रपणे विचारलं. "नीट आठवतं?"

"नीट आठवतं म्हणजे? दसूकी समोर बसलाय, त्याला विचार!"

"डावीच," दसूकी बसल्या जागेवरून म्हणाला. "सगळ्यांची डावीच."

"मग माझं चुकलंच," इग्लाल म्हणाली. "मी आपली वेडी. त्या फोटोवरून उतरवला."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. इस्मतचीही वळली. पस्तीस वर्षं तो फोटो त्याच्या डोक्यावर टांगलेला होता, आणि त्यानं त्यात आपलं कौतुक सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं. उजवी रेघ मनगटाएवढी जाड दिसत होती. हसू विरलं.

दसूकी उठला. गुडघे धरत स्टेजवर चढला, भिंतीजवळ गेला आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं. "हा माझा आठ नाही," तो म्हणाला. "हा माझा सात आहे. पालथा."

"पाशा," इग्लाल म्हणाली, "छाप अजून ओला आहे. फिरवा."

"हे काय चाललंय?" इस्मत म्हणाला. त्याचा आवाज माइकमधून चिरका निघाला.

"तुमचा आठ नाही, असं तुम्हीच म्हणालात. फिरवा."

"फिरवा की!" मागून एक माजी शिपाई ओरडला. मग दुसरा ओरडला. इस्मतनं बोट टेकवलं. इग्लालला ते पाहताना इतका आनंद झाला की तिला तो लपवावासाही वाटला नाही. छाप फिरला. बुरुजावर सात उभा राहिला.

"सात नंबरचा ड्रायव्हर कोण होता?"

इस्मत माइकपासून मागे सरला.

"मोठ्यानं, पाशा. पलीकडे गेलेल्या माणसाचं नाव आहे."

"बयूमी," तो म्हणाला.

"पूर्ण."

"सार्जंट बयूमी अब्दुलमौला."

"मी त्याची मुलगी. फाटकाबाहेर उभी होते, आठवतं? आता सांगा, सात नंबर वर चढला तेव्हा आठ नंबर कुठे होता?"

उत्तर दसूकीनं दिलं. "अलीकडे, खजुरीच्या बागेत. इंजिन बंद पडलं म्हणून मला बोलावलं होतं. इंजिनाला काही झालं नव्हतं."

"आणि हे तुम्ही आज सांगताय, चाचा?" इग्लाल त्याच्यावर उसळली.

"मी मेकॅनिक होतो, पोरी. तो साहेब होता." म्हाताऱ्यानं मान खाली घातली. त्यालाही ती माफ करणार नव्हती, पण त्याची पाळी नंतर.

पुढच्या रांगेतले लोक उभे राहू लागले. आधी वाटलं निघालेत, पण निघालं कुणी नाही. ते बयूमीच्या नावानं उभे राहिले होते, हात कपाळाशी नेऊन. इग्लालला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. बाप हवा होता, एवढंच तिला वाटलं. त्याला सांगायचं होतं की तुला भास झाला नव्हता.

इस्मत एकटाच बाजूच्या दारानं निघाला. छातीवरची पदकं त्यानं मुठीत धरली होती, वाजू नयेत म्हणून. दारात ती आडवी उभी होती.

"झालं ना समाधान?" तो पुटपुटला. "साठी उलटलीय माझी. आता किती दिवस राहिलेत माझे?"

वडीलधाऱ्यांना निरोप देताना गावात सगळेच एक वाक्य म्हणतात. इग्लालनंही ते हजारदा म्हटलं होतं, तोंडदेखलं. आज तिनं ते मनापासून म्हटलं.

"अल्लाह तुम्हाला खूप आयुष्य देवो, पाशा."