एक्क्याची उतारी

त्या रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर लालासाहेबांनी नेहमीसारखा पत्त्यांचा कॅट काढला आणि त्यातली तीस पानं निवडून बाकीची बाजूला ठेवली. सात-आठच्या डावाला तेवढीच लागतात. पंधरा एकाला, पंधरा दुसऱ्याला. ज्याचा हुकूम त्यानं आठ हात करायचे, दुसऱ्यानं सात. क्रांती महिन्यातून एका रविवारी सांगलीहून मेढ्याला यायची, आणि बापलेकीचं हे खेळणं ती आठ वर्षांची असल्यापासून चाललेलं होतं. आता तीच पन्नाशीला टेकली होती.

लालासाहेब, घरातल्यांचे आबा, पलटणीतून सुभेदार होऊन घरी आलेले. पत्ते म्हणजे नशिबाचा खेळ असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा कडू व्हायचा. वाटप होईपर्यंत नशीब, हे त्यांना मान्य होतं. पण एकदा पानं हातात आली की जे तुझ्याकडे नाही ते माझ्याकडे, मग यात लपलेलं काय उरलं, असं ते विचारायचे. गेलेलं पान लक्षात ठेवायचं, बाकी काही नाही. नातीच्या मोबाइलवर पत्त्यांचा एक खेळ होता. त्यात ज्याचा त्याचा कॅट वेगळा, पैसे भरून भारी पानं घालता येणारा. तिनं मोठ्या हौसेनं तो दाखवला तेव्हा आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग खेळायचं कशाला गं? दुकानातच निकाल लागला की."

घरात पत्त्यांची एक शिस्त होती. ज्याचे हात कमी पडले त्यानं पानांवरून उठायचं नाही. पुढचा डाव वाटायचा, समोरच्यानं त्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं, बदल्यात आपलं नकोसं पान द्यायचं, आणि तो डाव संपल्यावरच मोकळं व्हायचं. या शिस्तीपायी लहानपणी क्रांतीची शाळेची घंटा कितीदा तरी चुकली होती.

त्या दिवशी तिला साडेचारची साताऱ्याची एसटी गाठायची होती. चार वाजून गेले तरी शेवटचा डाव संपला नव्हता. हुकूम तिचा, बदाम. बारा हात झाले होते, सहा तिचे आणि सहा आबांचे. तीन-तीन पानं उरली होती आणि बदाम सगळे जाऊन बसले होते. तिच्याकडे इस्पिकचा राजा, इस्पिकचा गुलाम आणि चौकटची नव्वी. म्हणजे आबांकडे इस्पिकचा एक्का, राणी आणि चौकटची अठ्ठी. उतारी आबांची.

आपण हरलो हे तिला दिसलं. आबा आता अठ्ठी टाकणार. ती नव्वीनं घ्यावी लागणार, आणि मग इस्पिक तिलाच उतरावं लागणार, एक्का आणि राणीच्या तोंडात. एक हात सोडून दोन घ्यायचे, हे त्यांनीच तिला ती नववीत असताना शिकवलं होतं.

आबांनी पानांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि एक्का टाकला.

तिनं गुलाम दिला. मग त्यांची राणी तिच्या राजानं घेतली, अठ्ठी नव्वीनं. आठ हात झाले.

"झाले तुझे आठ," आबा पानं गोळा करत म्हणाले. "पळ आता."

एसटी कण्हेरपर्यंत आली तरी तिच्या डोळ्यासमोरून तो एक्का जाईना. चाळीस वर्षांत आबांचं पान चुकलेलं तिनं पाहिलं नव्हतं. अगदी साधा राजा, आणि तो कुणाकडे आहे हे ते विसरले. एकदा वाटलं आईला फोन करावा. मग वाटलं, वय झालं, चालायचंच. साताऱ्याला उतरली, सांगलीच्या गाडीत बसली आणि झोपली.

सोमवारी सकाळी दात घासता घासता लालासाहेब अंगणात कोसळले. उजवी बाजू गेली होती. क्रांती साताऱ्याच्या दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर विचारत होते, आदल्या दिवशी काही वेगळं जाणवलं का, विसरणं, गोंधळणं, असं काही? आईनं, साळूबाईनं, क्रांतीकडे पाहिलं. दिवसभर समोर तीच बसलेली. क्रांती म्हणाली, नाही. तिसऱ्या दिवशी आबा गेले.

पुढचे दोन महिने ती त्या एका शब्दाशी राहिली. कॉलेजच्या ग्रंथालयात तिची नोकरी, वाचायची सवय जुनी, आणि या वेळी तीच सवय तिच्यावर उलटली. जिथं वाचावं तिथं तेच, की कधीकधी एक दिवस आधी खूण दिसते. तिला दिसली होती. तेव्हाच आईला सांगितलं असतं तर? ती रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठायची, आणि आईचा फोन आला की कामाचं निमित्त सांगून लवकर ठेवायची.

माधवनगरच्या चांदसाहेबांचाही फोन ती टाळत होती. आबांच्या पलटणीतले हे जोडीदार. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना मेढ्याला येता आलं नव्हतं. ते हटकून शेवटच्या डावाचं विचारणार, म्हणून तिचं धाडस होत नव्हतं. चौथ्या फोनला त्यांनी सरळ दटावलं, आणि शनिवारी दुपारी ती गेली.

चांदसाहेबांच्या बायकोनं, खातूनबींनी, चहा दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसत आत गेल्या. चांदसाहेब पाय स्टुलावर ठेवून बसले होते. त्यांनी काही विचारलंच नाही.

"त्या रविवारी सांजच्याला लाल्याचा फोन आलता," ते म्हणाले. "लय खुशीत हुता. म्हणला, चांद्या, आज पोरीला आठ करून दिले."

क्रांतीनं कप खाली ठेवला.

"म्हणला, माझ्याकडं एक्का-राणी आन् अठ्ठी. तिच्याकडं राजा-गुलाम आन् नव्वी. अठ्ठी उतरलो असतो तर पोरगी एका हातानं बुडाली असती, आन् मग बसा पुढच्या डावाला. सारखी घड्याळाकडं बघत हुती. गाडी चुकली असती तिची."

"चांदकाका, ते चुकले नव्हते?"

"कोण, लाल्या? पत्त्यात?" चांदसाहेब हसायलाच लागले. "अगं, पहिल्या उतारीपासनं सगळा डाव सांगितला त्यानं मला. कवा कुणाचं पान पडलं, समदं. शेवटाला मीच म्हणलो, ठेव रं आता, जेवायचं हाय. तर मला विचारतो, पोरीच्या ध्यानात आलं आसंल का? मी म्हणलो, तू शिकवलेली हाय, आलं आसंल. तर म्हणला, न्हाई, गाडीच्या नादात हुती."

क्रांती हसली आणि त्याच दमात रडायला लागली. चांदसाहेब म्हणाले, हसतीस का रडतीस, एक काय ते ठरव, म्हणजे मला बी तसं करता येईल. चहा गार झाला होता. तिनं तो तसाच पिऊन टाकला आणि आणखी मागितला. खातूनबींनी पोहे आणले, तेही तिनं बशी पुसून खाल्ले. सोमवारची सकाळ होती तशीच राहिली. ती कुणाला आधी ओळखून टाळता येण्यातली नव्हती. पण रविवार तिला परत मिळाला होता, सबंध, आबा त्यात शेवटच्या पानापर्यंत शुद्धीवर.

बाहेर रस्त्यावर येऊन तिनं मेढ्याला फोन लावला. चांदकाकांनी सांगितलेलं सगळं आईला सांगितलं. साळूबाई पलीकडे बराच वेळ हसत होती. ह्यांचं आसंच, म्हणाली, देणार आन् सांगणार न्हाईत. क्रांती इथंच थांबली असती तरी चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं. ती कडेच्या झाडाच्या सावलीत सरकली.

"आई, ऐक. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. आबा पान चुकले असं मला वाटलं होतं. मला भीती वाटली होती, आणि तरी मी तुला न सांगता गाडीत झोपून गेले."