मिनिटभराची मुदत

इस्पितळाच्या भांडारातली नवी संगणक व्यवस्था भाच्यानं बनवली होती, आणि तिथल्या खिडकीवर बसत होता त्याचा सख्खा मामा. रिटायर होईपर्यंत ही खिडकी सुटू नये, एवढीच मामाची इच्छा.

व्यवस्था एकदम फक्कड. मिनिटभर बटण दाबलं नाही की स्क्रीन बंद, पुन्हा पासवर्ड. भाच्यानं ती स्वतः चालवून बघितली, मग टायपिस्टबाईंना दिली. दोघांचीही बोटं सुसाट. मामाचं मात्र एकच बोट कामावर यायचं, बाकीची रजेवर. 'स' सापडेपर्यंत स्क्रीन डोळे मिटायची.

"जरा वेळ वाढवून दे की रे."

"सवय होईल, मामा."

"तुझी सायकल धरून मागे पळत होतो, तेव्हा मी असं म्हणालो नव्हतो."

भाचा हसला आणि जेवायला गेला. खिडकीपुढे नर्सबाईंची रांग वाढतच होती.

मग मामानं डोकं चालवलं. पुन्हा पासवर्डची कटकट नको म्हणून चहाला जाताना त्यानं एंटरवर स्टेपलर ठेवला. स्क्रीन जागी राहिली. पण तिच्यावर साबणाची ऑर्डर उघडी होती, आणि एंटर म्हणजे 'पाठवा'. मामाचा चहा संपेपर्यंत ऑर्डरी जातच राहिल्या.

ट्रकवर ट्रक आले. भांडार भरलं, जिना भरला, उरलेली खोकी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. पेशंट विचारायचे, "डॉक्टर, तुम्ही नक्की कुठून बोलताय?"

साहेबांनी दोघांना बोलावलं. "व्यवस्थेत काही दोष?"

एक वाक्य पुरलं असतं. पण भाच्याची बढती याच साहेबांच्या हातात होती. "व्यवस्था ठीक आहे, सर. वापरणाऱ्यानं..."

"चूक माझीच," मामा म्हणाला.

मामाची रवानगी मागच्या गोदामात झाली. तिथे संगणक नव्हता, नुसता साबण.

त्याच दुपारी भाच्यानं मुदत काढून टाकली, अक्षरं मोठी केली, 'खरंच पाठवू का?' असा प्रश्नही टाकला. चहा गार व्हायच्या आत सगळं झालं, इतकं सोपं होतं. मग तो गोदामात गेला. मामा खोक्यावर बसला होता.

"ये रे, बस. आणि हे बघ, आक्काला यातलं काही सांगू नकोस. उगाच तुला ओरडेल."

भाचा शेजारच्या खोक्यावर टेकला, तो थेट सुटी होईपर्यंत. तो घरी आल्यावर आईनं त्याचा शर्ट हुंगला. "साबणाचा वास कसला रे एवढा?"

तो हात धुवायला गेला.