माझ्या काठावरची मोडी

मी मिहबाज बोलतोय. मिहबाज म्हणजे कॉफी कुटायचं लाकडी उखळ. पण हे सांगून काय उपयोग? सिंगापूरच्या बुकित तिमाहमधल्या या कॉन्डोत मला सगळे 'आजीचा खलबत्ता' म्हणतात, आणि माझ्या पोटात पाच ओल्या छत्र्या उभ्या असतात.

माझा जन्म ऐन सफरजल नावाच्या पॅलेस्टिनी गावातला. एक झरा, ऑलिव्हचे मळे, दोन खोल्यांची शाळा आणि भांडायला भरपूर चुलतभाऊ. अबू सालिमनं मला बलुताच्या, म्हणजे ओकच्या, खोडातून कोरलं आणि काठावर गावाचं नि स्वतःचं नाव घातलं. रोज सकाळी तो भाजलेली कॉफी कुटायचा. प्रत्येक घराचा कुटण्याचा ताल वेगळा. आवाज ऐकून जो येईल तो पाहुणा, मग तो कालच बांधावरून शिव्या देऊन गेलेला का असेना.

अठ्ठेचाळीस साली गोळीबार जवळ आला, तेव्हा माणसं 'आठ-पंधरा दिवसांत परत येऊ' म्हणून निघाली. अबू सालिमनं मला गाढवावर बांधलं. ते आठ-पंधरा दिवस अजून संपायचेत. मागे घरं पाडली, त्यावर पाइनची झाडं लावली आणि सहलीला येणाऱ्यांसाठी बाकं टाकली. सावली छान पडते म्हणे.

अबू सालिम निर्वासितांच्या छावणीतच वारला. एका खोलीत नऊ माणसं, त्यात दहावा मी. नातवानं मला विकलं, त्याला मी दोष देत नाही. दुकानं बदलत सिंगापूरला पोचलो तेव्हा गळ्यात चिठ्ठी होती: 'शोभेची वस्तू, मूळ अज्ञात'. नाव काठावर कोरलेलं होतं, पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला वाकून बघायला वेळ नसावा.

२००३ साली उज्ज्वलनं मला घरी आणलं. तो वन-नॉर्थ नावाच्या इथल्या विज्ञाननगरीत संशोधक. बायको ऋचा, मुलगी वल्लरी. माणूस सालस, पण पहिल्याच रविवारी कुणी तरी विचारलं, "हे कुठलं रे?" तर हा म्हणाला, "आमच्या आजीचा खलबत्ता. गावाकडचा." वर काठावरच्या अरबी अक्षरांवरून बोट फिरवून, "ही मोडी लिपी."

झालं! निशिकांतकाका म्हणजे इथल्या मराठी मंडळींतले जाणकार. त्यांनी चष्मा चढवला आणि उजवीकडून लिहिलेली ओळ डावीकडून वाचली. "शके सोळाशे... पुढचं झिजलंय." झिजलेलं काहीही नव्हतं.

पुढची पाच वर्षं मी शके सोळाशेचा होतो. राग यायचाच, पण भीती जास्त वाटायची. माझ्या गावाचं नाव माझ्या काठाखेरीज आणखी कुठे उरलंय की नाही, मला ठाऊक नव्हतं. ते इथे वाचणार कोण?

मग एका रविवारी उज्ज्वलची सहकारी सामिया जेवायला आली. सोबत अम्मानहून आलेले तिचे वडील. छत्री ठेवायला ते वाकले आणि तसेच थांबले.

"ऐन सफरजल," ते मोठ्यानं म्हणाले. "अबू सालिमचा मिहबाज."

साठ वर्षांनी कुणी तरी मला हाक मारली. लाकडाला रडता येत नाही, नाहीतर त्या छत्र्या उघडाव्या लागल्या असत्या.

"तुमचं गाव का हे?" ऋचानं विचारलं.

"नाही. माझं दुसरं, पण तेही असंच गेलं. तुम्हाला हा कुठे मिळाला?"

"पापा, यू सेड आजीचा, लाह!" वल्लरी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

उज्ज्वल म्हणाला, "दुकानातून घेतला, अंकल. इतकी वर्षं खोटं बोललो. आमचं गाव धरणात गेलं. आमची वस्ती गावाबाहेर. पाणी चढलं तेव्हा आजी एक परात घेऊन निघाली, ती पुढे मोडीत गेली. दाखवायला काही तरी हवं होतं."

"गावाचं नाव काय?"

"बोरदरा."

वल्लरीनं ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"हा तुम्ही घेऊन जा, अंकल. तुमच्याकडेच शोभेल."

"नेऊन ठेवू कुठे?" म्हातारा हसला. "त्यापेक्षा घरात कॉफीच्या बिया आहेत का बघा."

छत्र्या बाहेर आल्या. ऋचानं मला धुऊनपुसून कोरडं केलं. वल्लरीनं चपलांच्या कपाटामागून माझा दांडा शोधून काढला. म्हातारा कुटू लागला. ताल अबू सालिमचा नव्हता, म्हाताऱ्याच्या स्वतःच्या गावचा होता. मला चालला.

दहा मिनिटांत बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे मिस्टर टॅन दारात, चेहरा लालबुंद. "सो नॉइझी! संडे, लाह!"

म्हाताऱ्यानं उठून खुर्ची पुढे केली. "आवाज ऐकून आलात ना? बसा."

मिस्टर टॅन तक्रार करायला आले होते. दोन कप पिऊन गेले.

आता छत्र्या बादलीत असतात. निशिकांतकाका अजूनही शके सोळाशेच म्हणतात. त्यांची समजूत काढणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. पण उज्ज्वल येणाऱ्याजाणाऱ्याला दोन नावं सांगतो: ऐन सफरजल आणि बोरदरा. दोन्ही नकाशात शोधू नका, मिळायची नाहीत. माझी विनंती एवढीच, की आवाज कानावर आला तर वर या. तक्रार घेऊन आलात तरी चालेल.