पाचवं बोट

सकाळी सकाळी थोरल्या जावेनं उकिरड्याला भिंतीवरून अलीकडे भिरकावलं आणि वर ऐकवलं, ‘‘धाकटे, या भणंगाला बांधून ठेव. माझ्या कोंबड्यांची जात बिघडवेल.’’

धाकटीनं भांडी गरजेपेक्षा जोरात घासली.

उकिरड्या हा धाकटीचा एकुलता एक कोंबडा. लग्न होऊन येताना ती माहेराहून टोपलीतून पिलं घेऊन आली होती, त्यांचा हा वंशज. रंग धड तांबडा नाही, धड काळा नाही. दिवसभर उकिरडा उकरायचा आणि मांड्यांपर्यंत चिखलात राहायचा. उजाडलं की तो भिंत ओलांडायचा. थोरलीकडचे दाणे खायला जातो, असा धाकटीचा समज, आणि त्याचं तिला समाधानच होतं. त्या घरातलं काहीतरी या घरात येत होतं.

कारण वाटणीत आपल्याला काही मिळालंच नाही, असं तिचं ठाम मत होतं. घर निम्मं झालं, गोठा निम्मा झाला, शेत तर दोरी लावून निम्मं झालं. पण सासूबाईंच्या कबऱ्या कोंबड्या अख्ख्या थोरलीकडे राहिल्या. कोंबड्याही वाटायच्या असतात, हे पुरुषांच्या डोक्यातच आलं नाही. पुढे त्या कोंबड्यांचं नशीब असं काही फळफळलं, की लांबलांबून माणसं पिलं न्यायला येऊ लागली. थोरली एखादी कोंबडी उलटी धरायची आणि पाय दाखवायची. बाकीच्यांच्या कोंबड्यांना चार बोटं, हिच्यांना पाच. ‘‘खरं रक्त ओळखायचं तर बोटं मोजा,’’ असं ती सांगायची. शेजारी तिचा राजा उभा असायचा. मुद्दाम बाहेरून आणवलेला, तांबडाभडक, पाय टाकताना विचार करणारा कोंबडा. सगळं श्रेय त्याचं.

धाकटीनं एकदा मन मारून उबवायला अंडी मागितली. थोरलीनं टोपलीभर दिली, तीही पुसून. धाकटीची खुडूक कोंबडी त्यांवर इमानानं बसली आणि एक पिलू निघालं नाही. कोंबडीतच दोष असेल गं, म्हणून थोरली हळहळली. धाकटीनं बरेच दिवस त्या कोंबडीशी अबोला धरला. मग एकदा गल्लीतल्या शिंपिणीला उबवायला द्यायची अंडी थोरली चाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात बुचकळताना तिला भिंतीवरून दिसली. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वहिनी पहिल्यापासूनच स्वच्छतेची.

आज ‘भणंग’ हा शब्द तिला फार झोंबला. या मेल्यापायी रोज ऐकून घेण्यापेक्षा त्याला कापून मोकळं व्हावं, असं तिनं ठरवलं. उकिरड्याला धुण्याच्या दगडावर आणलं आणि पायांवरचा चिखल आधी धुऊन काढला.

पाच बोटं. दुसरा पाय पाहिला, तिथंही पाच. आपल्याला मोजता येतं ना, हे पाहायला तिनं स्वतःच्या हाताची बोटंही मोजली.

सासूबाईंच्या कोंबड्या तिनंच किती वेळा साफ केल्या होत्या. त्यांना चारच असायची. ती दगडावर चढली आणि भिंतीपलीकडे डोकावली. राजा चार बोटांवर ऐटीत उभा होता. इतकी वर्षं ती पलीकडे बघून जळत होती ते आपल्याच माहेरच्या रक्तावर.

गल्लीत जाऊन ओरडून सांगावं, असं तिला वाटलं. पण ती आत गेली, कात्री आणली आणि उकिरड्याच्या एका पंखाची लांब पिसं कापून टाकली.

त्यानंतर थोरलीकडची अंडी गार पडू लागली, पिलंच निघेनात. राजा चालण्यात पटाईत होता, बाकी कामाचा नव्हता. पिलं न्यायला आलेली माणसं रिकामी टोपली घेऊन परतू लागली. शेवटी थोरली वाटणीनंतर प्रथमच धाकटीच्या दारात आली. बसली, उन्हाबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली.

‘‘तुझा कोंबडा हल्ली दिसत नाही गं.’’

‘‘बांधून ठेवलाय. तुम्हीच म्हणाला होतात, जाऊबाई.’’

उकिरड्या धुतलेल्या पायांनी दोघींच्या मधोमध उभा होता. थोरलीनं त्याची बोटं मोजली नाहीत. ती तिनं केव्हाच मोजलेली आहेत, हे त्यावरूनच धाकटीला कळलं.

‘‘थोडे दिवस पाठवशील?’’

‘‘न्या की. पण त्याला आता उडता येत नाही. उचलून न्यावा लागेल, रस्त्यानं. आणि निम्मी पिलं माझी. अंडी नकोत मला.’’

थोरली अंड्यांचं ऐकून जराशी थांबली. मग तिनं उकिरड्याला कुशीत घेतलं आणि भर गल्लीतून निघाली. शिंपीण शिवणयंत्र थांबवून दारात आली. धाकटीनं उंबऱ्यात उभं राहून सगळं डोळे भरून पाहून घेतलं.

फक्त एक झालं. तो मेला थोरलीच्या कुशीत डोळे मिटून असा काही सुखानं पडला होता, की धाकटी पुन्हा जळली. तिच्याकडे तो असा कधी बसला नव्हता.