कानिफदादाने सुचवलेलं कनेक्शन

वहीच्या पानावर आखलेले तीन रकाने. इस्त्री करून ठेवलेली निळी साडी. शेवगावच्या माहेरची एक रीत. पडद्यावर उघड्या तोंडानिशी गोठलेली बाई.

ती बाई म्हणजे सुवर्णा. नगरला सावेडीत राहायला आल्यावर तिला घरबसल्या गणित शिकवायची नोकरी मिळत होती. फक्त एक ऑनलाइन धडा न अडखळता घेऊन दाखवायचा होता. म्हणून तिने नेटसाठी तीन ठिकाणी चौकशी केली, शेजारणींना विचारलं, वेग नि तक्रारी वहीत मांडल्या. त्यात मोबाईल कंपनीचं फायबर सरस ठरलं. पण मोठ्या भावाला विचारल्याशिवाय घरात नवं काही आणायचं नाही, ही माहेरची रीत. कानिफदादा तर दोनच गल्ल्या पलीकडे राहायचा.

"ती वहीबिही ठेव बाजूला, मास्तरीणबाई," तो हसला. "केबलवाल्याचंच नेट घे. आमच्यात तेच हाय, लई भारी चालतं. का भावावर भरवसा न्हाई?"

तिने वही मिटली आणि केबलवाल्याचं नेट घेतलं. निळी साडी नेसून ती धडा घ्यायला बसली, तर सातव्या मिनिटाला नेट गेलं आणि त्यासोबत नोकरीही.

ती तडक दादाकडे गेली. त्याच्या भिंतीवर फायबरचा नवाकोरा डबा लुकलुकत होता.

वहिनी सहज बोलून गेली, "केबलवाला आमाला सोडीनाच. म्हनला, तुमच्या जागी दुसरं गिऱ्हाईक द्या, मग सोडतो."

"तुझ्याकडं चालंल असं वाटलं गं," टीव्हीवरची नजर न काढता दादा म्हणाला.

सुवर्णा पाणीही न पिता उठली.

दादाच्या घरी फायबर बसलं, ते तिने त्याला विचारायच्या चार दिवस आधी.