डब्यावरची ऊर्जा

बॉयलरघरात त्याला सगळे 'पारा' म्हणत. हयात आगीपुढे गेलेली, आणि डोकंही तसंच, पारा चढायला वेळ लागत नसे. तिथे उष्णता किलोकॅलरीतच मोजायची आणि ते नाव मात्र तोंडाने घ्यायचं नाही, अशी रीत होती. "आजचा कोळसा कसा?" "साडेचार हजार." संपलं. नव्या पोराने चुकून एकक उच्चारलंच, तर पारा डाफरे, "मग काय शेरात मोजणार होतास?"

बायकोला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याने नोकरीला रामराम ठोकला. तिचं बोलणं बंद, गिळणंही बंद. नाकात नळी आली. डॉक्टरीणबाईंनी दिवसाला पंधराशे कॅलरी द्यायला सांगितल्या; आहारातली कॅलरी म्हणजे त्याची किलोकॅलरीच. "ते माझ्यावर सोडा," तो म्हणाला. "जन्मभर दुसरं केलंय काय!"

नळीतून द्यायची पहिल्या कंपनीची पावडर बाजारात मिळेना, म्हणून त्याने दुसरा डबा आणला. मागे छापलं होतं, ऊर्जा, एका चमच्याला एकशे ऐंशी. जुन्या पावडरीच्या चौपट! गडी खूश झाला. आता आठ-नऊ चमच्यांत दिवस भागणार होता. पावडर थोडी, पाणी फार. तिच्या पोटालाही हलकं, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं.

महिन्याभराने मेहुणी बहिणीला भेटायला आली. पांघरूण सारखं करता करता तिचा हात थबकला.

"भाऊजी, ताईची नुसती हाडं लागताहेत हो हाताला. पोटभर देता ना?"

झालं, पारा चढला. "नाहीतर काय उपाशी मारतोय तिला? आजार खातोय तो! डोळ्यांत तेल घालून मोजतो मी."

"अहो, रागावता कशाला? विचारलं फक्त."

"विचारतेस ना? मग ऐक." त्याने डबा उचलला, चष्मा नाकावर चढवला आणि शाळेतल्या पोरीला समजवावं तसं शब्द न् शब्द वाचू लागला. "एका चमच्यात ऊर्जा, एकशे ऐंशी किलो..."

पुढे 'ज्यूल' होतं.

"काय झालं?" मेहुणीने विचारलं.

साधारण सव्वाचार किलोज्यूल म्हणजे एक किलोकॅलरी. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. त्याने डबा खाली ठेवला.

"पाव हिस्सा," तो म्हणाला. "पाव हिस्साच जात होता गं तिला. महिनाभर. मी उपाशी ठेवलं तिला, माझ्या या हातांनी."

मेहुणीने तोंडावर पदर धरला.

मग तो भांड्यात पावडरीचे चमच्यावर चमचे ओतू लागला. मेहुणीने तोवर डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता. पलीकडून त्या जवळजवळ ओरडल्याच. "थांबवा त्यांना! इतके दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम एवढं गेलं तर हृदय बंद पडेल. गाडी पाठवते, दाखल करा. रक्त तपासत हळूहळू वाढवू. तोवर नेहमीचंच द्या, वर एक चमचासुद्धा नको."

त्याने भांडं मोरीत रिकामं केलं आणि नेहमीच्याच मापाने पावडरीचं पांचट दूध कालवलं. सिरिंजमधून ते तिच्या नळीत सोडलं. घटकाभरात सिरिंज रिकामी झाली. बायकोने चांगल्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि भांड्याकडे पाहिलं. ती रोजच असं धरायची. एवढ्या आजारातही माया सुटत नाही हिची, म्हणून तो रोज तिच्या केसांवरून हात फिरवायचा आणि भांडं घासायला जायचा.

"भूक लागलीय ना गं?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली, हो.

गाडी यायला अजून अवकाश होता. त्याने तिची बोटं एकेक करून मनगटावरून सोडवली आणि भांडं तिला दिसणार नाही असं बाजूला ठेवलं.